अक्कांची पाळत

मी कागद-पेन घेऊन बसले आणि दाराआड सावली हलली. सासूबाईच असणार. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. मी काही लिहायला घेतलं की त्यांना वाटतं, ही आपल्याविषयीच लिहिते आहे. या वेळी त्यांचा संशय खरा आहे.

ज्यांचं दुखणं सकाळी एक आणि संध्याकाळी एक दिसतं, आणि म्हणून ज्यांच्यावर घरात-दारात कोणी विश्वास ठेवत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं मी सांगणार नाही, ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. या आजारात अंगातलं बळ जातं ते जातंच, पण त्याच्याही आधी आपल्या शब्दाची किंमत जाते. ती परत मिळवताना मला फार त्रास झाला, म्हणून त्याच्याबद्दल सांगते.

नानांची माडी

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावात नुकती केबल आली होती. आमच्या भागातली केबल नानांची. नाना मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांच्या गच्चीवर मोठी छत्री होती आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीत 'स्टुडिओ' होता, म्हणजे एक हिरवा पडदा, दोन खुर्च्या, प्लॅस्टिकची फुलं आणि अंग भाजून काढणारे दोन हॅलोजन. कॅमेरा सादिकभाईचा. लग्नसराईत तो लग्नं शूट करायचा आणि एरवी नानांकडे असायचा.

मी महिला मंडळात निवेदन करायचे. ते ऐकून नानांनी मला आठवड्याचा एक कार्यक्रम दिला. त्याचं नाव 'ओटा'. कोणी सावद्याचा माणूस केळीच्या बागेबद्दल बोलायचा, कोणी बाई ज्वारीचे पापड, म्हणजे आमच्या बिबड्या, कशा करायच्या ते दाखवायची. कार्यक्रम सिनेमाच्या आधी लागायचा आणि सिनेमाची सुरुवात चुकू नये म्हणून लोक टीव्ही आधीच लावून बसायचे. मी लोकप्रिय झाले ती अशी. मला त्याबद्दल कधीच गैरसमज नव्हता.

कार्यक्रमाच्या शेवटी मी मदत मागायचे. कोणाला रक्त हवं असायचं, कोणाला कुबड्या. एकदा नशिराबादच्या एका म्हाताऱ्या आबांसाठी चाकाची खुर्ची मागितली. दुसऱ्याच दिवशी एका घरातून आली, त्यांच्याकडे ती जिन्याखाली धूळ खात पडली होती. आबा काठीने चालायला लागले तशी खुर्ची परत आली, ती आमच्या ओट्यावर. मग वॉकर आला, हवेची गादी आली, सलाइनचा स्टँड आला. ज्याला हवं त्याने न्यावं, काम झालं की आणून ठेवावं, एक पैसा नको. फुकट म्हटल्यावर मात्र लोकांना खरी शंका आली. "ही बाई यात खाते काय?" असं माझ्या पाठीमागे बोलत आणि ते माझ्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्थाही करत.

मीही काही कमी नव्हते. न्यायला आलेल्या माणसाची मी उलटतपासणी घ्यायचे. पेशंट कोण, कुठे राहतो, त्याला खरंच चालता येत नाही का? पुढे मलाच असे प्रश्न यायला लागले तेव्हा ते कसे लागतात ते कळलं.

डोळा

उन्हाळ्यात सुरू झालं. जळगावचा मे महिना, डोक्यावर पत्रे आणि समोर हॅलोजन. बोलता बोलता माझी डावी पापणी खाली आली ती वर जाईना. सादिकभाई कॅमेऱ्यामागून म्हणाला, "मॅडम, झोप आ रही क्या?" मी तोंडावर पाणी मारून बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि शेवटी शेवटी आवाज नाकातून यायला लागला, शब्द तोंडात लोळायला लागले. टीव्हीवर स्वतःला पाहिलं तेव्हा मला माझीच शरम वाटली.

डॉक्टरांच्या आधी गावाने निदान केलं. बाई पिते. भाजीबाजारात एक ओळखीची बाई गवार निवडता निवडता माझ्या इतकी जवळ सरकली की मला वाटलं, कानात काही सांगणार. ती माझ्या तोंडाचा वास घेत होती. मी मुद्दाम तोंड उघडून मोठ्यांदा हसले. घरी येऊन दार लावून रडले.

हळूहळू जेवताना जबडा थकायला लागला. वेणी घालताना हात आपोआप खाली यायचे. सकाळी उठले की पुन्हा ठणठणीत. अक्का धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या, शेतात राबलेल्या. हे त्यांच्या हिशेबात बसेना. "सकायले धुनं आपटस आनि संध्याकायले मेल्यागत पडस. हाई कसानं दुखनं व माय?" असं त्या मला ऐकू जाईल अशा बेताने देवाला विचारायच्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. दुसऱ्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून ह्यांना आत घेतलं. माझे मिस्टर कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, माणूस अबोल. बाहेर आले ते माझ्याकडे न बघता. घरी आल्यावर फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "डॉक्टर विचारत होते, घरात काही कुरबुर आहे का. म्हणे बायकांना लक्ष वेधून घ्यायचं असतं." तुम्ही काय सांगितलंत, असं मी विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. त्या दिवसापासून घरातल्या एकाही माणसावर माझा भरवसा राहिला नाही.

धुळ्याचं इंजेक्शन

कोणीतरी धुळ्याच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. आम्ही एसटीने निघालो. एरंडोलपर्यंत मी ह्यांच्याशी भांडत होते, पारोळा आलं तसा आवाज गेला आणि भांडण तिथेच राहिलं.

धुळ्याचे डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी मला छताकडे एकटक बघायला सांगितलं. पापण्या खाली आल्या तशी दंडात सुई टोचली आणि समोर बसून राहिले. थोड्या वेळात माझ्या पापण्या पडदा वर गेल्यासारख्या वर गेल्या. नाव विचारलं तर ते मी खणखणीत आवाजात सांगितलं. हे खुर्चीतून उठून उभेच राहिले. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? हा माणूस नजरबंदी करतो.

"तुम्ही काय करता, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"केबलवर कार्यक्रम करते."

"मग तुम्हाला लगेच समजेल. तुमचा केबलवाला एकाच वायरवर कनेक्शनं वाढवत जातो, मग शेवटच्या घरात चित्राला मुंग्या येतात. टीव्ही चांगला असतो, वायरही तुटलेली नसते. सिग्नल पोचता पोचता क्षीण होतो. तुमच्या स्नायूंचं तसंच झालंय. गोळीने तो सिग्नल जरा वाढतो. गोळी उतरली की पुन्हा मुंग्या."

"बरं होईल ना?"

"सांभाळायचं. कायम."

कायम हा शब्द ऐकून मी रडायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. माझ्या दुखण्याला डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं लांबलचक इंग्रजी नाव होतं, मी खोटी नव्हते. धुळ्याच्या स्टँडवर ह्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी त्या डॉक्टरचं खरं मानलं होतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांचा फार राग आला होता आणि तेवढीच कीवही आली. चहा मात्र चांगला होता.

दोन पहारेकरी

घरी आल्यावर अक्कांनी चौकशी केली. लकवा आहे का? नाही. टीबी? नाही. "मंग शे तरी काय?" ह्यांनी सिग्नलचं सांगून पाहिलं. अक्कांनी एकदा टीव्हीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

गोळीमुळे तर त्यांचा संशय वाढलाच. भिंतीला टेकून पडलेली सून एक गोळी घेते आणि थोड्या वेळात उठून बडबड करते, ती गोळी नशेचीच असली पाहिजे. मी गोळ्यांची डबी शिलाई मशीनच्या खणात ठेवायचे. एकदा पाहिलं तर डबीचं झाकण वाकडं बसवलेलं. मी डबी तांदळाच्या डब्यात लपवली, तिथेही कोणाचा तरी हात लागला. अक्का माझ्या गोळ्या मोरीत टाकतात, असं मी मनात पक्कं केलं. मी जेवताना त्या माझा घास मोजल्यासारख्या बघत बसायच्या. मी बोलायला लागले की माझ्या ओठांकडे बघायच्या. मी त्यांच्या हातांकडे बघायचे. आम्ही दोघी एकमेकींवर डोळ्यात तेल घालून पहारा करत होतो आणि मधे हे बिचारे वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचे.

कार्यक्रमात आजाराबद्दल बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नाना माणूस वाईट नव्हते, पण आजारी बाई कोणाला बघायची असते? मी सकाळचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. गारव्याने पापणी जरा उचलते, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी रुमालात बर्फ धरून बसायचे. बर्फ सादिकभाई गोळेवाल्याकडून आणायचा. तो कधी एका शब्दाने कारण विचारायचा नाही. त्यामुळे माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर होता. हा नक्की बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत असणार.

रोटाचा सोमवार

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते. नारळाची देवी करून तिला दागिने, नथ घालायची, घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट करायचे, रात्र जागवायची आणि सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला न्यायची. आमच्याकडे सगळे भाऊबंद जमतात. रोटाचा स्वयंपाक कडक सोवळ्यात.

इथे माझी पंचाईत होती. गोळीने पोटात मुरडा यायचा आणि वारंवार संडासला जावं लागायचं. दर खेपेला पुन्हा अंघोळ करून ओल्यानेच चुलीपुढे बसायचं, तेही जमलेल्या बायकांच्या नजरेसमोर. त्यांच्या कुजबुजीला आयतं कोलीत द्यायची माझी तयारी नव्हती. दुखणं सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. त्या श्रावणात मी रविवारी गोळ्या घेतल्याच नाहीत. एक दिवस निभेल, असं वाटलं.

सोमवारी सकाळी नानांनी मिरवणुकीचं शूटिंग ठेवलं होतं. अक्कांच्या डोक्यावर कानबाई, पुढे बँड, बायकांच्या फुगड्या आणि माझ्या हातात माईक. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मला दोन दोन कानबाया दिसायला लागल्या. मी काहीतरी बोलत होते ते मलाच कळेना. पापण्या मिटल्या, माईक हातातून पडला, मान छातीवर आली आणि डावी-उजवीकडे डुलायला लागली. तोंडातून लाळ आली. ओरडायला गेले तर नुसता हुंकार निघाला.

"अंगमा उनी! कानबाई अंगमा उनी!" एक बाई किंचाळली.

बँड जोरात वाजायला लागला. कोणी माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला, कोणी धुपाटणं नाकापाशी धरलं. बायका भराभर पाया पडायला लागल्या. "मना आंडोरले नोकरी लागी का व माय?" एकीने माझा पाय घट्ट धरून मुलाच्या नोकरीचं विचारलं. मला सगळं ऐकू येत होतं, प्रत्येक शब्द. श्वास मात्र छातीत उतरत नव्हता. मी मरते आहे हे मला स्वच्छ कळत होतं आणि ते सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता. पापणीच्या फटीतून मला हे दिसले. हे हात जोडून उभे होते. त्या क्षणाइतकी एकटी मी आयुष्यात कधी पडले नाही.

देवी वाटेत खाली ठेवत नाहीत आणि उचललेली बाई ती मधेच सोडत नाही. अक्कांनी ती आपल्या जावेच्या डोक्यावर दिली. मग बायका बाजूला सारत त्या माझ्यापाशी आल्या, माझी हनुवटी वर केली आणि अंगठ्याने पापणी उघडून पाहिली.

"सरका बठ्ठ्या! हाई देवी नही शे."

"अक्का, पाप लागी," कोणीतरी म्हणालं.

"लागू दे. मी हिले रोज दखस. आधी डोया पडस, मंग आवाज जास, मंग घास उतरत नही. आज मान बी पडनी. देवी काय रोज संध्याकायले येस का?" मग कॅमेऱ्याकडे वळून, "ए सादिक, ते डबडं ठेव आनि ओटावरनी चाकनी खुर्ची लयी ये!"

सादिक पळाला. ज्या खुर्चीसाठी मी लोकांची उलटतपासणी घ्यायचे, तीत मला बसवलं. मान मागून अक्कांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि खुर्ची ढकलत होते हे, मळवट भरलेल्या बायकोची, रस्ताभर रडत.

कनवटीची गोळी

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं, धुराने गुदमरले असेन. अक्कांनी कनवटीची गाठ सोडली आणि त्यातून माझी एक गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "हाई खास ती. काल खादीच नही, मी दखी राहिंतू."

म्हणजे डबीवर हात अक्कांचाच होता. काही महिन्यांपूर्वी त्यांनी एक गोळी उचलून ओळखीच्या मेडिकलवाल्याला दाखवली होती, नशेची आहे का म्हणून. तो नाही म्हणाला. त्याच्यावरही विश्वास बसला नाही म्हणून ती कनवटीलाच ठेवली होती. डॉक्टरांनी गोळी पाहिली, ह्यांना विचारून धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सुई तयार केली. उशीर झाला असता तर, असं पुढे एकदा ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडून दिलं.

नंतर नाकात नळी, तोंडावर ऑक्सिजन, सकाळी फिनाइलचा वास आणि मावशींची आरडाओरड. शेजारच्या खाटेचे नातेवाईक माझ्या पायथ्याशी गुपचूप नारळ ठेवून जायचे. गावात देवीची बातमी माझ्या आधी पोचली होती. अक्का नारळ उचलायच्या आणि सिस्टरला देऊन टाकायच्या. रोट घराबाहेरच्यांना देत नाहीत आणि उरवतही नाहीत. मला गिळता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी स्टुलावर बसून मला सांगितलं, "तुना वाटाना बी मीच खाई टाका." सादिकभाईसाठी त्यांनी रोटाऐवजी वेगळी पुरणपोळी पाठवली. त्याने बाहेर कोणाला काही सांगितलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. एवढे दिवस मी त्याच्याबद्दल जे मनात आणलं होतं, त्याची मला लाज वाटली.

टेप

नाना मोसंबी घेऊन आले. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "ताई, टेप झकास आलीय. अक्का मधे पडतात तिथे कापू. लोक विचारून विचारून थकले, देवी कधी दाखवणार. तुमच्यावर कोणी पुन्हा बोट ठेवणार नाही. आणि ओट्यावर वस्तूंचा ढीग पडेल, बघा."

नाना खोटं बोलत नव्हते. मी देवी झाले असते तर दारूची कुजबुज जागच्या जागी थांबली असती. खरं सांगितलं तर पुन्हा 'नाटक' हाच शब्द, आणि बहुतेक कार्यक्रमही जाणार. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नानांना आधीच होकार दिला असेल, अशी मला शंका आली. ते म्हणाले, "तू म्हणशील ते." हात जोडलेला माणूस होता तो, त्याला आता माझ्याकडे सरळ बघवत नव्हतं. सादिकभाई दारात उभा होता. "मॅडम, बोलो तो उसपे गाने भर देता हूं," तो हळूच म्हणाला.

आवाज नव्हता म्हणून उशाशी ठेवलेल्या पाटीवर मी लिहिलं, 'टेप दाखवा. पूर्ण. अक्कांसकट.'

नानांनी पाटी वाचली आणि मोसंबीची पिशवी खाटेवर ठेवून निघून गेले. मला वाटलं, संपलं सगळं. पण मी घरी आल्यावर त्यांचा निरोप आला की रेकॉर्डिंग कधी ठेवू.

मी संध्याकाळची वेळ मागितली. बर्फ नको म्हटलं. गोळीची वेळ उलटत आलेली, हॅलोजन चालू, आणि शेजारच्या खुर्चीत इरकली लुगडं नेसून अक्का. आधी टेप दाखवली. मग मी दुखण्याबद्दल बोलायला लागले आणि बोलता बोलता, सगळ्यांच्या देखत, माझी पापणी खाली आली, आवाज नाकात गेला. मी तो जाऊ दिला. पुढचं अक्कांना बोलायला सांगितलं.

अक्कांनी कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की जणू तोही काहीतरी लपवतो आहे. "मनी सून पेत नही. मी वास लीसन दखेल शे. नाटक बी करत नही. वरीसभर पायत ठेयेल शे मी, नाटक ऱ्हातं त मी धरी लेती." मग त्या म्हणाल्या, "कोनाले असं व्हयनं ते नारय फोडू नका. दवाखानामा लयी जा."

सगळ्यांनी विश्वास ठेवला असं नाही. काही बायका अजून मला दुरून नमस्कार करतात आणि काही अजून वास घेतात. पण सावद्याची एक तरुण सून तिच्या जळगावच्या मामाबरोबर आमच्या ओट्यावर आली, डावी पापणी पडलेली. घरच्यांनी तिला भगताकडे नेऊन मिरचीची धुरी दिली होती. मी नेहमीसारखी चौकशी सुरू करणार तेवढ्यात अक्का पुढे झाल्या, तिची हनुवटी वर केली आणि पापणी उघडून पाहिली. "धुयाले लयी जा हिले," त्या मामाला म्हणाल्या. ती पोरगी मटकन ओट्यावर बसली आणि रडायला लागली. कोणीतरी तिचं खरं मानलं होतं. ते रडणं मला ओळखीचं होतं.

'ओटा' अजून चालू आहे. मी सकाळी बोलते, संध्याकाळी कमी बोलते. गोळ्यांची डबी आता अक्कांच्या कनवटीला असते. वेळ झाली की त्या गोळी देतात, पाणी देतात आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात.

"जीभ दखाड."

मी जीभ बाहेर काढते. उजवीकडून दाखवते, डावीकडून दाखवते. त्या जातात आणि जरा वेळाने दाराआडून पुन्हा डोकावतात, खरंच गिळली का. मला आता एकच धास्ती आहे. एखाद्या दिवशी त्यांचा माझ्यावर विश्वास बसेल.